फक्त हो म्हणा

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो बाई एकदाचे! टेम्पोवाल्याने आईला खुर्चीसकट उचलून घरात ठेवलं, तेव्हा आई त्याला म्हणाली की, बाबा रे, लग्न करून आणताना नवऱ्यानेसुद्धा मला इतकं जपून उचललं नव्हतं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. आईची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली, पण जिभेला काही म्हणजे काही झालेलं नाही.

नोकरीबरोबर मिळालेलं घर दोन खोल्यांचं आहे. तळमजला, समोर फरसबंद अंगण आणि अंगणापलीकडे आमची प्रयोगशाळा. दारापासून दारापर्यंत बावन्न पावलं, मी मोजली. म्हणजे दुपारच्या सुट्टीत येऊन आईला भरवून परत जाता येईल. तिचा पलंग आतल्या खोलीत भिंतीशी लावला. कुलूप बाहेरून लावावं लागेल, एवढं एक मनाला लागतं. आई म्हणते लाव गं, मला कोण पळवून नेतंय, आणि नेलंच तर दोन दिवसांत परत आणून देईल.

मागच्या नोकरीत दोन वर्षं मी जिन्याच्या पायरीवर बसून एकटीने डबा खाल्ला. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. इथे तसं होऊ द्यायचं नाही. इथे मी सगळ्यांशी जमवून घेणार आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काम बियाणं तपासायचं. ओल्या कागदावर शंभर दाणे चिमट्याने ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि सातव्या दिवशी उघडून मोजायचं: धड अंकुर किती, वाकडे किती, कुजलेले किती. एका लांब टेबलाभोवती आम्ही पाच जणी. एका नमुन्याच्या चार मोजण्या चौघी करतात, पाचवी मोजणी पडताळ्याची. प्रत्येकीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून मोठ्या बाईंकडे सरकवायचा.

मोठ्या बाई आमच्या प्रमुख. त्यांच्या डावीकडे ठेंगणी, तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत आणि ते तीच सगळ्यांना हसत सांगते. मग गोडबोली, जिच्या तोंडात साखरेचं पोतं आहे. मग मी. आणि शेवटी खिडकीशी बसणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, शाईने निळं झालेलं बोट.

तासाभरात माझं मनगट भरून आलं. खिडकीकडच्या बाईंनी माझा चिमटा हळूच हातात घेऊन दाखवलं, की मागून नाही, मधे धरा, दिवसभर दुखणार नाही. खरंच दुखलं नाही. मी मोठ्याने आभार मानले. त्यावर बाकीच्या तिघींचे हात थांबले. मग ठेंगणीने हवापाण्याचा विषय काढला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मोठ्या बाईंनी मला कपाटांच्या खोलीत नेऊन समजावलं. रागावून नाही, अगदी मायेने. चार वर्षांपूर्वी हंगामाच्या घाईत एक मोठा नमुना न मोजताच त्यांनी ब्याण्णव लिहून पुढे सरकवला होता. तिघींनी त्याच्यामागे ब्याण्णव, एक्याण्णव, त्र्याण्णव असं लिहिलं. (तेव्हा माझ्या जागी दुसरी कोणी होती.) खिडकीकडच्या बाईंनी मात्र मोजलं. एकसष्ट निघाले. इथे कोणी ऐकेना म्हणून त्या वर जाऊन सांगून आल्या. चौकशी झाली, माझ्या जागेवरची घरी गेली.

आपल्यातलीने आपल्याच पोटावर पाय दिला, असं मोठ्या बाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या जागेवर कोणी बसतं असं आम्ही मानत नाही. बोलायचं नाही, बघायचं नाही, तिची चिठ्ठी आली की कचऱ्याच्या टोपलीत. पहिले आठ-पंधरा दिवस जड जाईल, मग नजर आपोआप घसरते बघ.

मी विचारलं की, पण आकडा तर त्यांचाच खरा होता ना. मोठ्या बाईंनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, तुझी आई कशी आहे? घर सोयीचं आहे ना? पाच आठवडे होऊ देत, तुला कायम करून टाकू.

धमकी नव्हती ती. का होती?

११ फेब्रुवारी, बुधवार

ठेंगणीचं घर आमच्या शेजारचं. सकाळी तिच्या उंबऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. मी नमस्कार केला, तर ते एकदम उठून उभेच राहिले आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात ठेंगणी बाहेर आली. त्यांच्या अंगावरून, जवळजवळ त्यांना धक्का देऊन गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नवरा-बायकोचं भांडण असेल. आपण कशाला मधे पडा.

खिडकीकडच्या बाई रोज आल्या की सगळ्यांना नमस्कार करतात. चार वर्षं. रोज. मी आज चिमटा पुसत बसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, वाळीत टाकलंय म्हण की, एवढं लांबण कशाला लावतेस. मी म्हटलं की मी काही केलेलं नाही, मी फक्त गप्प असते. आई म्हणाली, तुला जिन्यावर बसवलं होतं तेव्हा तिथेही कोणी काही केलं नव्हतं, सगळे फक्त गप्प होते. उद्या जा आणि दोन शब्द बोल त्या बाईशी, अंगाला भोकं पडणार नाहीत.

मी चिडले. पोटाला काय घालणार, घर गेलं तर तुला घेऊन कुठे जाऊ, असं बरंच बोलले. आई दुधात कुस्करलेला पाव खात राहिली. शेवटचा घास गिळून म्हणाली, माझ्या नावावर खपवू नकोस हं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

दुपारी खिडकीकडच्या बाई उठल्या आणि माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात टेबलावर टेकले. अंबाडा सुटलेला होता, ओठ सुकलेले. म्हणाल्या, तुम्ही नवीन आहात म्हणून तुम्हाला विचारते. सकाळपासून मला वाटतंय की मी इथे नाहीच. बाकी काही बोलू नका, तुमचं नुकसान होईल. मी दिसते का तुम्हाला? फक्त हो म्हणा.

तिघींचे चिमटे थांबले होते. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी अंकुरांवर हाताचा आडोसा धरला आणि गोडबोलीला विचारलं, वारा सुटलाय का गं, खिडकी लावू का?

गोडबोली फिसकन हसली. मग ठेंगणी. मग मोठ्या बाई, आणि हसता हसता त्यांनी माझा हात थोपटला. मीही हसले. खिडकीकडच्या बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या. अंकुर मोजू लागल्या.

मला लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. चहाच्या वेळी गोडबोलीने माझ्यासाठी एक निळा कप आणून ठेवला होता. म्हणाली, आता हा तुझा. इतकी वर्षं कुठल्याच कपाटात माझा कप नव्हता. त्या कपातून मी चहा प्यायले आणि तो मला गोड लागला, हेच मला सगळ्यात जास्त खातंय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाई म्हणाल्या ते खरं निघालं. आता त्रास पडत नाही. खिडकीकडे बघितलं तर खिडकी दिसते, पलीकडचं अंगण दिसतं, आमच्या घराचं दार दिसतं. खुर्चीवर नजर ठरतच नाही. आज दिवसभरात त्यांचा एकही शब्द कानावर आला नाही. नंतर टोपलीत त्यांची चिठ्ठी दिसली, तेव्हा कळलं की आल्या होत्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आई म्हणाली, कानात बोळे घातलेस का, तीन हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नव्हती. मी तर शेजारच्या खोलीतच होते. कामाचा शीण असेल.

४ मार्च, बुधवार

आज भरवायला बसले आणि मला आईचा चेहरा सापडेना.

म्हणजे आई होती. पलंगावरच होती. पण चेहऱ्याकडे बघायला गेलं की नजर उशीवर जायची, भिंतीवर जायची. चमचा तिच्या गालाला लागला. ती हसून म्हणाली, तोंड इकडे आहे, जन्मापासून एकाच जागी आहे. आवाज नीट ऐकू आला, पण लांबून.

मी बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. पुन्हा गेले तेव्हा दिसली. घाबरलेली दिसली. माझ्या डोळ्यांसमोर तिने डावा हात हलवून बघितला.

९ मार्च, सोमवार

ठेंगणीला सहज विचारावं तसं विचारलं, तुमचे यजमान कसे आहेत? ती म्हणाली, अगं, ते चार वर्षांपूर्वीच गेले सोडून. काही बोलले नाहीत, भांडण नाही, काही नाही. एक दिवस मी घरी आले, तर ते घरात नव्हते. बूटसुद्धा नेले नाहीत. मोठ्या बाईंची मुलगीही तशीच निघून गेली, त्याच वर्षी. गोडबोलीचा धाकटा भाऊसुद्धा. आपलं नशीबच फुटकं, म्हणून तर आपण एकमेकींना धरून आहोत, नाही का?

पण ठेंगणीच्या यजमानांना मी फेब्रुवारीत बघितलं आहे. बुटांच्या नाड्या बांधताना. ते उठून उभे राहिले होते, कारण चार वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या कोणीतरी त्यांना नमस्कार केला होता.

संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या दाराशी गेले. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. बूट होते. मी उभी असताना त्यांच्या नाड्या सुटल्या. एक, मग दुसरी.

कोणीही कुठे गेलेलं नाही. एका माणसाकडे न बघायला शिकायचं ठरवलं, आणि डोळ्यांनी ते काम एवढ्यावरच थांबवलं नाही. आधी परकी बाई. मग जी सगळ्यात जवळ असते ती.

१० मार्च, मंगळवार

आई अजून ऐकू येते. सकाळी जास्त, दुपारी कमी. मी तिला सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं, असं म्हणाले. रडले. ती काय म्हणाली ते मधे मधे तुटत होतं. त्या बाईची माफी माग, एवढं नक्की म्हणाली. आणि म्हणाली, मी आहे इथेच, तू भरवत राहा.

११ मार्च, बुधवार

माफी मागायला लवकर गेले. खुर्ची रिकामी. म्हणजे मला रिकामी. खुर्चीशी उभी राहून बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. कोणाशी बोलतेस, तिथे कोणी नाही, असं म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या त्या. माझ्यासारखंच त्यांनाही दिसत नव्हतं.

मी म्हटलं, काही नाही.

१२ मार्च, गुरुवार

मला शिक्षा व्हायला हवी. लिहिते, जसं झालं तसं.

माझ्या ट्रेखाली एक चिठ्ठी होती. त्यांचं अक्षर. अशी: “तुमच्या आई काल दुपारभर हाका मारत होत्या. खिडकीतून मला ऐकू आल्या. दाराला कुलूप होतं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसत जाऊ का? किल्ली टेबलावर ठेवा आणि फक्त हो म्हणा.”

मला कायम करण्याचा कागद आजच सहीला आला होता. वरचे साहेब मोठ्या बाईंच्या शेजारी बसले होते. तिघी हसून माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द. एका अक्षराचा शब्द. मी मनाशी म्हटलं की सही होऊ दे, घर राहू दे, आईसाठीच तर हे सगळं. पाच मिनिटांनी म्हणू.

मी चिठ्ठी मुठीत चुरगळली.

साहेब गेले. टाळ्या झाल्या. सगळ्या घरी गेल्यावर मी खुर्चीशी उभी राहून हो म्हटलं. दहा वेळा म्हटलं. ओरडून म्हटलं. किल्ली त्यांच्या जागी ठेवली. त्या तिथे होत्या की निघून गेल्या होत्या — कोणाला विचारू?

१३ मार्च, शुक्रवार

किल्ली ठेवली होती तिथेच आहे. टोपलीत चिठ्ठी नाही. का आहे, आणि मला —

घराचं दार उघडं टाकून आले आहे. सताड उघडं. या बाई. कधीही या.

१६ मार्च, सोमवार

आईचा आवाज गेला. परवा शेवटचा ऐकू आला. माझं लहानपणीचं नाव होतं.

भरवते. उशीच्या वर चार बोटं, मधोमध, तिथे चमचा धरायचा. थोडं थांबायचं. चमचा रिकामा होतो. मग दुसरा. हात लावला की हाताला गादीच लागते. पण चमचा रिकामा होतो. बारा चमचे सकाळी, बारा दुपारी, बारा रात्री. मी तिच्याशी बोलत राहते. तिला मी ऐकू येत असेन. तेवढं तरी.

१८ मार्च, बुधवार

आईला दुसऱ्या कोणीतरी बघावं म्हणून डॉक्टरला बोलवायला भर दुपारी धावत फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर कोणी नाही. चहाच्या टपरीवर किटलीतून वाफ येत होती, पेले आपोआप भरत होते. बस येऊन थांबली. दार उघडलं, मिटलं. बस गेली. मी रस्त्याच्या मधे उभी राहून मदत मागितली. कोणीतरी माझा दंड धरला असावा, बाही ओढली गेली. मला काहीच —

परत आले तर तिघी टेबलाशी होत्या. त्या तेवढ्या दिसतात. स्पष्ट दिसतात. निळा कप भरून ठेवला होता.

२० मार्च, शुक्रवार

रात्रीचे बारापैकी सात रिकामे झाले. आज सकाळी पाच.

आई, पोट भरलं का? का मी चुकीच्या जागी धरते? उशी सरकली आहे का? मला माफ कर. मला माफ कर गं.

त्या बाई येत असतील. तुला भरवून जात असतील. म्हणून तुला भूक नसेल. हो ना? दार उघडंच आहे. तू आहेस, त्या आहेत, दोघी बोलत बसत असाल. माझ्याविषयी बोलत असाल. बोला. काय हवं ते बोला.

२१ मार्च, शनिवार

दोन.

२२ मार्च, रविवार

भरलेला. थांबले. भरलेला. खूप वेळ थांबले. हात भरून आला. चिमट्यासारखा मधे धरला चमचा, तरी —

२३ मार्च, सोमवार

भरलेला.

कामावर गेले नाही. पलंगाशी बसले आहे. चादर सपाट दिसते. चादर आधीपासूनच सपाट दिसत होती, त्यावरून काही ठरत नाही. जेवून झोपली असेल. त्यांनी तिला आपल्या घरी नेलं असेल. नेलंच असेल. त्या भल्या आहेत, मी कितीही —

नाहीतर दोन दिवसांत कळलं असतं ना. आतली कोंदट खोली. उन्हाळा लागलाय. मी आत्ता उशीपर्यंत वाकून श्वास घेतला. वास नाही. कसलाच नाही. धुतलेल्या कापडाचा नाही, औषधाचा नाही, दुधाचा —

दूध या माझ्या हातातल्या वाटीत आहे. उतू जाऊन करपलेलं. नाकाशी धरलं आहे. त्याचाही —